अ‍ॅप्ला (अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, एमआरआयवर ठिपके, हात बधिर: रिपोर्ट वाचायला मदत हवी

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी. घरातल्या रुग्णाचे रिपोर्ट नावगाव काढून जसेच्या तसे टाइप करते आहे.

स्त्री, वय ३६, वजन ५८ किलो. बीपी, शुगर नाही. पूर्वी एकदा चौदाव्या आठवड्यात गर्भ गेला. दोन वर्षांपासून अर्धशिशी: आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, मग डोकं. गेल्या महिन्यात उजवा हात बधिर झाला आणि बोलताना शब्द सापडेनात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं पूर्ववत.

एमआरआय: फ्लेअरवर (एमआरआयचा एक प्रकार) दोन्ही फ्रंटल, म्हणजे पुढच्या भागांत ५-६ ठिपके, पुढे ‘डिमायलिनेशन? व्हॅस्क्युलायटिस?’ असं प्रश्नचिन्हासकट (चेतातंतूंवरचं आवरण गेलंय, की रक्तवाहिन्यांना सूज?). डिफ्युजनवर (ताजा पक्षाघात दाखवणारा एमआरआय) काही नाही. प्लेटलेट १,१०,०००. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ५२ सेकंद, कंट्रोल ३०. ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह. अँटिकार्डिओलिपिन आयजीजी ६२, आयजीएम १८. बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आयजीजी ७१. एएनए (ल्युपसची प्राथमिक चाचणी) निगेटिव्ह. व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) ‘वीकली रिॲक्टिव्ह’, आणि त्या एका ओळीवरून घरात नको तो गोंधळ.

आता हे ठिपके एमएसचे (मल्टिपल स्क्लेरॉसिस, चेतातंतूंचं आवरण झडतं तो आजार) की प्रतिपिंडांच्या या आजाराचे? एपीटीटी लांबलंय आणि प्लेटलेट कमी, म्हणजे रक्त पातळच असणार ना, मग गुठळी होईलच कशी? टेस्ट बारा आठवड्यांनी परत करायला सांगितली आहे, तोवर औषध न घेता थांबायचं का? आणि सोसायटीतल्या एका काकांना हृदयाच्या ठोक्यांसाठी नवी गोळी आहे, तिला आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याची तपासणी) लागत नाही म्हणतात. तीच का नको?


न्यूरो_नाईट_ड्यूटी
ठिपक्यांच्या आधी त्या वीस मिनिटांबद्दल. उजवा हात आणि शब्द एकदम जाणं हा डाव्या मिडल सेरेब्रल धमनीचा इलाका. या आजारात मेंदूच्या धमन्यांपैकी बहुतेक वेळा हीच अडते. पण रुग्णाला अर्धशिशीही आहे, म्हणून एक गोष्ट नीट खोदून विचारा: बधिरपणा बोटांच्या टोकांतून मनगट, मग कोपर असा दहा-पंधरा मिनिटांत चढत गेला, की एका क्षणी अख्खा हात गेला? चढत जाणारा, मुंग्यांसारखा, सोबत चमचम रेषा असलेला प्रकार बहुधा अर्धशिशीचा. एका झटक्यात सगळं बंद पडलं तर तो टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडणं. टीआयए ही पक्षाघाताची नोटीस असते आणि तिची मुदत दिवसांत मोजतात. ‘आपोआप बरं झालं’ म्हणून फाइल कपाटात ठेवायची नाही.

या आजाराचं पूर्ण नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी तो सविस्तर मांडला, म्हणून काही जण ह्यूज सिंड्रोमही म्हणतात. रक्तात बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन प्रत्येकाच्याच असतं. या रुग्णांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, आणि ती जोडी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर व प्लेटलेटवर चिकटते. जे अस्तर गुळगुळीत राहायला हवं तेच गुठळी जमवायला लागतं. तरी प्रतिपिंडं वर्षानुवर्षं असूनही रोज गुठळी होत नाही. बहुतेकदा दुसरा धक्का लागतो: ताप-संसर्ग, ऑपरेशन, बाळंतपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, सिगारेट, पाणी कमी पडणं.

मेंदूपर्यंत गुठळी पोचायचे रस्ते वेगवेगळे. ती धमनीत जागेवरच होते, किंवा हृदयाच्या झडपांवर, जास्त करून मायट्रलवर, जंतूंशिवाय जमलेले लिबमन-सॅक्स दाणे सुटून वर जातात. म्हणून अशा रुग्णाचा इको मागतात, आणि छातीवरून केलेल्या इकोत ते दाणे निसटले तर अन्ननलिकेतून करतात. शिरांच्या बाजूनेही होतं. सायनस थ्रॉम्बोसिसमध्ये (मेंदूच्या मोठ्या शिरेत गुठळी) डोकं दिवसेंदिवस जास्त दुखत जातं, आडवं झालं की जास्त, सोबत उलटी, धूसर दिसणं, कधी थेट फिट. साधा सीटी यात चक्क नॉर्मल येऊ शकतो. एमआर व्हेनोग्राफी (शिरांचा एमआरआय) मागावी लागते. बाळंतिणीचं डोकं तीन-चार दिवस थांबत नसेल तर ‘वारा लागला’ म्हणून कान बांधून ठेवायच्या आधी ही आठवण ठेवा.

काही गोष्टी नुसत्या गुठळीने समजावता येत नाहीत. कोरिया, म्हणजे हातापायांच्या नाचल्यासारख्या अनियंत्रित हालचाली. फिट. मज्जारज्जूची सूज, ज्यात काही तासांत ते काही दिवसांत पाय लुळे पडतात आणि लघवी अडते. यांत प्रतिपिंडं चेतापेशींवर थेट काम करतात असं दिसतं. युरोपातल्या १००० रुग्णांच्या नोंदीत, २००२ साली छापलेल्या, पक्षाघात १९.८ टक्के, टीआयए ११.१, अर्धशिशी २०.२, फिट ७ आणि कोरिया १.३ टक्के होता. मज्जारज्जूचा प्रकार त्याहून विरळ, पण उशीर तिथेच सगळ्यात महाग पडतो.

आता ठिपके. एमएसचे ठिपके मेंदूतल्या पोकळ्यांना लागून, त्यांना काटकोनात उभे, कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा) आणि मज्जारज्जूत बसतात. या आजाराचे बहुधा कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या वरच्या थराच्या) खालच्या पांढऱ्या भागात विखुरलेले असतात, आणि जुना छोटा इन्फार्क्ट (रक्ताविना मेलेला भाग) सोबत सापडला तर पारडं इकडे झुकतं. पण फ्रंटलचे ५-६ ठिपके नुसत्या अर्धशिशीतही दिसतात, हे कबूल करायला हवं. फक्त फ्लेअरकडे बघून निकाल देऊ नये. रेडिओलॉजिस्टने प्रश्नचिन्ह टाकलं ते प्रामाणिक आहे. शंका राहिली तर मणक्याचा एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढून ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुधा सापडणारी प्रथिनं). मात्र ते पाणी काढणं रक्त पातळ करायची गोळी सुरू व्हायच्या आधी उरकलेलं बरं.

त्वचाही बघा. मांड्यांवर, दंडावर निळसर जाळीदार नक्षी आहे का, ऊब मिळाली तरी न जाणारी? ती आणि पक्षाघात एकत्र आले की त्याला स्नेडन सिंड्रोम म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत ही प्रतिपिंडं सापडतात.

पुन्हा असं झालं तर घड्याळ बघा. शेवटचं कधी ठीक होती, ती वेळ कागदावर लिहा आणि १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रुग्ण रक्त पातळ करायच्या वॉर्फरिनसारख्या गोळीवर असेल आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देत नाहीत, पण मोठी धमनी अडली असेल तर कॅथेटरने गुठळी ओढून काढता येते. म्हणून ती सोय असलेलं रुग्णालय घरापासून कुठलं जवळ आहे हे आजच शोधून ठेवा, आणि आयएनआरची वही पर्समध्ये.


पिपेट_आणि_प्लाझ्मा
व्हीडीआरएलचं आधी मिटवतो. त्या चाचणीच्या रसायनातच कार्डिओलिपिन असतं. कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं असलेल्या माणसाचा व्हीडीआरएल सिफिलिस नसतानाही हलका पॉझिटिव्ह येतो. टीपीएचए (सिफिलिसची नेमकी चाचणी) करा. निगेटिव्ह आला की घरातल्यांना रिपोर्ट दाखवा आणि चहा ठेवा.

एपीटीटीच्या कोड्याचं उत्तर नळीत आहे. काचेच्या नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध पदार्थ) लागतं, ते आम्ही रसायनातून घालतो. ही प्रतिपिंडं तेच फॉस्फोलिपिड अडवून बसतात, म्हणून नळीत गोठायला वेळ लागतो. शरीरात मात्र तीच अस्तर आणि प्लेटलेट चाळवतात, आणि गुठळी होते. म्हणजे ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ हे नाव दोन्हीकडून खोटं: ल्युपस (शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते तो आजार) असेलच असं नाही, आणि शरीरात अँटिकोॲग्युलंट तर अजिबात नाही.

ल्युपस अँटिकोॲग्युलंटची ही चाचणी घोणसाच्या विषावर चालते. हो, आपल्या मावळात उसाच्या फडात निघतो तोच घोणस. त्याचं विष फॅक्टर १० ला (रक्त गोठवणारं एक प्रथिन) थेट जागं करतं, म्हणून पातळ केलेलं विष घालून किती सेकंदांत गोठतं ते मोजतात. डीआरव्हीव्हीटी म्हणतात ते हेच. वेळ लांबली की रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा. एखादा फॅक्टर कमी असता तर निरोगी प्लाझ्माने भरून निघाला असता. तरीही लांबलेलीच राहिली तर अडवणारं काहीतरी आहे. मग भरपूर फॉस्फोलिपिड घालून परत बघायचं, आणि वेळ आखडली की पक्कं. आधीच्या आणि या शेवटच्या टप्प्याचं गुणोत्तर साधारण १.२ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात, प्रत्येक लॅबची स्वतःची रेषा असते. तुमच्या रिपोर्टमध्ये हे तीन टप्पे वेगळे लिहिलेत का ते बघा. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद मी तरी अर्धा समजतो.

नमुन्यात काय बिघडतं ते सांगतो, कारण पुढची टेस्ट त्यावर अवलंबून आहे. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. कमी भरली तर आकडे उगाच लांबतात. प्लाझ्मा चार तासांच्या आत वेगळा व्हायला हवा, आणि सेंट्रिफ्यूज दोनदा फिरवायला हवा. एकदाच फिरवला की प्लेटलेट मागे राहतात, गोठवल्यावर फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड बाहेर येतं आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसतो. वाघोलीत सकाळी नऊला घेतलेलं रक्त कलेक्शनवाल्या मुलाच्या बॅगेतून ट्रॅफिक ओलांडत दुपारी तीनला पोचणार असेल, तर घरी बोलावू नका. जिथे मशीन आहे तिथेच जाऊन हात पुढे करा.

रिव्हारोक्सॅबान (रक्त पातळ करायची, आयएनआर न लागणारी नवी गोळी) घेतलेल्या माणसात डीआरव्हीव्हीटी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. हेपॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) आणि वॉर्फरिनमुळेही वाचन गढूळ होतं, आणि भर तापात सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) चढलेलं असताना एपीटीटीवर आधारलेली चाचणी फसवते. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ वर मात्र गोळ्यांचा परिणाम होत नाही, ती कधीही करा. त्यांत ४० च्या वरचा आयजीजी महत्त्वाचा, तुमचे दोन्ही त्या रेषेपलीकडे आहेत. आयजीएम १८ कडे दुर्लक्ष करा. बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर करा, वेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. संसर्गानंतर प्रतिपिंडं काही काळ येऊन जातात, म्हणून हा बारा आठवड्यांचा नियम.

प्लेटलेट १,१०,००० आलेत तर एकदा स्मिअर (काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघून घ्या, ईडीटीएच्या नळीत गोळे होऊन खोटे कमी दिसतात. खरे कमी असले तरी ते गुठळीपासून वाचवत नाहीत.


पर्वती_पायथा
खूप आभार. नक्षी मांड्यांवर आहे, आजवर थंडीची समजत होतो. हात एका क्षणात गेला होता, चढत नाही. आज डॉक्टरांनी ॲस्पिरिन ७५ सुरू केली, इको सांगितला आणि अ‍ॅसिट्रॉमचा (रक्त पातळ करायच्या गोळीचा) विचार बोलून दाखवला. त्या गोळीची सगळ्यांना धास्ती आहे.


शनवारातले_केमिस्ट
ताई, बारा आठवडे टेस्टने थांबायचं असतं, उपचाराने नाही. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

अ‍ॅसिट्रॉम म्हणजे असेनोकूमरॉल, आपल्याकडे वॉर्फरिनपेक्षा हीच जास्त लिहितात. दोन्ही एकाच जातीच्या, पण मिलिग्रॅम सारखे नाहीत. ढोबळमानाने असेनोकूमरॉलचा डोस वॉर्फरिनच्या निम्मा असतो. दुकानात ‘ती नाही, ही घ्या, तीच आहे’ असं कुणी म्हणालं तर उठून पुढच्या दुकानात जा. १, २, ३, ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्या वेगळ्या असतात. घरात एकाच ताकदीची ठेवली तर घोटाळे कमी. अर्धी गोळी लागत असेल तर गोळी कापायची डबी आणा, विळीवर नको.

वेळ संध्याकाळची ठेवा, सहा-सात. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, डॉक्टरांचा फोन, आणि त्याच संध्याकाळी डोस बदलता येतो. विसरलात आणि रात्री झोपायच्या आत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट नाही, वहीत चुकलेला डोस लिहा. असेनोकूमरॉल शरीरातून लवकर जातं, अर्धा भाग ८ ते ११ तासांत, त्यामुळे दोन डोस चुकले की आयएनआर झरझर खाली येतो. सुरुवातीचे काही दिवस हेपॅरिनची इंजेक्शनं सोबत देतात, निदान पाच दिवस आणि आयएनआर दोनदा २ च्या वर दिसेपर्यंत. ती कंटाळून सोडू नका.

भाजीचं सगळे चुकीचं सांगतात. हिरवी भाजी बंद करायची नसते, सारखी ठेवायची असते. के जीवनसत्त्व आणि गोळी ही तराजूची दोन पारडी आहेत. आठवड्यातून दोनदा पालक खात असाल तर दोनदाच खा, बाराही महिने. हिवाळ्यात मंडईत मेथीच्या जुड्या ढिगाने येतात, रोज मेथी, मधे शेपू, वर अळूचं फतफतं, आणि आयएनआर २.६ वरून १.७ वर. उलट आजारपणात चार दिवस पेज खाल्ली की वर चढतो. कोथिंबीर नेहमीएवढी चालते. फोडणीतली हळदही चालते, हळदीच्या कॅप्सूल आणि नेटवरचे काढे नकोत.

औषधांत खरा धोका. फ्लुकोनॅझोल, मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर उडी मारतो. जुलाबासाठी आपल्या मनाने घेतलेली गोळी बहुतेक वेळा यातलीच निघते. कोणतंही अँटिबायोटिक सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर. रिफॅम्पिसिन, कार्बामॅझेपिन खाली आणतात. फिट्स येऊन औषध लागलंच तर लेव्हेटिरॅसिटॅमशी या गोळीचं भांडण नाही, हे न्यूरोच्या डॉक्टरांशी बोला. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नाही. पॅरासिटामॉल चालेल, पण रोज २ ग्रॅमच्या वर चार-पाच दिवस गेली तर तीही आयएनआर वाढवते. आणि अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या टीआयएनंतर बाद, घरात जुनी पट्टी असेल तर काढून टाका.

आयएनआर किती हवा, हे फाइलवर आकड्यात लिहून मागा. शिरेतल्या गुठळीला २ ते ३ यावर फारसा वाद नाही. धमनीसाठी काही डॉक्टर २ ते ३ सोबत ॲस्पिरिन ठेवतात, काही ३ ते ४. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत बसतं.

बोटातून थेंब काढून बघायचं मशीन या आजारात भरवशाचं नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंटमुळे ते आकडा खोटा वाढवून दाखवू शकतं. तुम्ही ३ बघून खूश, आणि खरा १.८. लॅबमध्येही काही रसायनांवर असं होतं. आकडे आणि प्रकृती जुळत नसतील तर क्रोमोजेनिक फॅक्टर १० करता येतो, तो साधारण २० ते ४० टक्के म्हणजे आयएनआर २ ते ३ च्या आसपास.

दुचाकीवर हेल्मेट. पुणेकरांचा तो जुना वाद इथे बाजूला ठेवा. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, सीटी.


संधिवात_ओपीडी
नव्या गोळीचं राहिलंय. तुमच्या रुग्णाच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह, म्हणजे ट्रिपल पॉझिटिव्ह. नेमक्या अशाच रुग्णांवर इटलीत रिव्हारोक्सॅबान आणि वॉर्फरिनची तुलना झाली, ट्रॅप्स नावाने, २०१८ मध्ये छापून आली. १२० जणांवर मधेच थांबवावी लागली: रिव्हारोक्सॅबानच्या ५९ जणांत ४ पक्षाघात आणि ३ हार्ट अटॅक, वॉर्फरिनच्या ६१ जणांत एकही नाही. काकांच्या ठोक्यांना ती गोळी उत्तम असेल. इथे नाही. आयएनआरचा त्रास परवडला.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगते. गणपती-गौरींच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून सर्रास घेतल्या जातात. त्या नॉरेथिस्टेरॉनच्या असतात, दिवसाला तीन, आणि त्या डोसला त्यातला काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओल बनतो. म्हणजे न लिहिलेलं इस्ट्रोजेन. या रुग्णाने कधीच नको. गर्भनिरोधकाच्या मिश्र गोळ्याही नकोत. मूल हवं असेल तर आधी सांगा, कारण वॉर्फरिन आणि असेनोकूमरॉल दोन्ही गर्भाला घातक, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. दिवस राहिल्याचं कळताच हेपॅरिनच्या इंजेक्शनांवर न्यायचं असतं, सोबत कमी डोसची ॲस्पिरिन.

आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, कशासाठीही नाही. अचानक थांबवलेली गोळी आणि त्यात संसर्ग, यातून क्वचित कॅटास्ट्रॉफिक प्रकार उभा राहतो: आठवड्याच्या आत तीन किंवा जास्त अवयवांत बारीक गुठळ्या, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू. गुंगी, फिट, लघवी कमी, धाप एकत्र दिसली तर आयसीयू. हेपॅरिन, स्टिरॉइड आणि प्लाझ्मा बदलणं एकत्र सुरू करूनही मृत्यूचं प्रमाण मोठं आहे.


पर्वती_पायथा
शेवटचं एकच. पुढच्या महिन्यात दाढ काढायची आहे. दवाखान्यात आत्ताच सांगून ठेवलंय, ‘पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या.’


संधिवात_ओपीडी
बंद करू नका. एक साधी दाढ काढायला आयएनआर ३.५ पर्यंत असेल तरी गोळी चालू ठेवून काढतात. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आयएनआर करा आणि कागद दंतवैद्याला द्या. सकाळची वेळ घ्या, आठवड्याच्या सुरुवातीची, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असेल. एका वेळी एकच दाढ. खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज, वर टाके, मग ओला गॉज अर्धा तास दाताखाली घट्ट. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची (रक्त थांबवणारं औषध) चूळ आधीच मागून ठेवा: तोंडात दोन मिनिटं धरायची, जोराने खुळखुळायची नाही, दिवसातून चार वेळा, दोन दिवस. त्या दिवशी गरम चहा नाही आणि स्ट्रॉ नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि दंतवैद्याने सवयीने मेट्रोनिडॅझोल लिहिली तर तिथल्या तिथे गोळीचं नाव सांगून बदलून घ्या.